ठोकळ्याला लागलेलं तेल

मित्रांनो, घासणं हेच ज्याचं जगणं, असा मी बाभळीचा एक म्हातारा ठोकळा आहे. बैलगाडीच्या ब्रेकचा ठोकळा. मोटारीला ब्रेक असतो हे तुम्हाला ठाऊक आहे; बैलगाडीलाही असतो हे ऐकून तुमच्यातले काही जण हसतील. हसा बापडे. माझा स्वभाव पहिल्यापासून खरखरीत आहे, बोलणंही तसंच आहे, आणि गुळगुळीत बोलणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. पण जे मी पाहिलं त्याचा धक्का माझ्या गाभ्यातून अजून गेलेला नाही. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मराठवाड्यात बोरी नावाच्या गावाजवळ एका लहानशा खेड्यात, आश्रुबांच्या शेताच्या बांधावर मी झाड होतो. शेळ्या माझ्या शेंगा खायच्या, सुगरणी घरटी बांधायच्या. आपण असेच उभे राहणार असं मला वाटत होतं. निजामाचं राज्य जाऊन एक पावसाळा उलटला होता. एका सकाळी आश्रुबा कुऱ्हाड घेऊन आले आणि काही कळायच्या आत पहिला घाव बसला. तो माझ्या आयुष्यातला पहिला धक्का. ज्या माणसाने माझ्या सावलीत बसून भाकर खाल्ली, त्यानेच मला आडवं केलं. मला वाटलं, आता चुलीत जायचं.

पण आश्रुबांच्या मनात वेगळंच होतं. त्यांच्या गावाहून मानवतच्या बाजाराला कापूस न्यायचा तर वाटेत नदीचा मोठा उतार लागे. लांबच लांब, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला काळं रान. भरलेली गाडी त्या उतारावर निघाली की सगळा भार बैलांच्या मानेवर येई. बैलांनी पाय रोवून मागे रेटायचं आणि माणसाने पुढे होऊन जू धरायचं, अशी तिथली रीत होती. आश्रुबांचे थोरले भाऊ वैजीनाथ असेच जू धरून चालले होते. एका बैलाचा पाय सटकला आणि गाडी त्यांच्या अंगावर आली. ते काही परत घरी आले नाहीत.

आश्रुबांची बायको धुरपदाबाई ते सगळं नदीकाठावरून बघत होती. कडक बाई. कमी बोलायची, पण बोलली की घर हलायचं. तिने नवऱ्याला सांगितलं होतं, “गाडीला ब्रेक बसल्याबिगर ह्या घरातलं मानूस उतारावर जानार न्हाई.” गावात लोक हसले. बैलावर भरवसा नाही, लाकडावर आहे, असं पारावर बोललं गेलं. ती बधली नाही.

म्हणून माझं लाकूड सटवाजी सुताराकडे गेलं. मानवतला सरकी काढायच्या जिनिंगवर येणाऱ्या गाड्यांना असे ब्रेक असतात, ते सटवाजींनी पाहून ठेवले होते. मला वाटत होतं, आता आपली चौकट होईल, निदान पाळण्याचा पाय तरी होईल. माझ्या शेजारी एका लाकडावर सटवाजी रंधा मारत होते आणि ते आरशासारखं चमकत होतं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मला नुसतं तासलं आणि बाजूला ठेवलं. आश्रुबांनी विचारलं, ह्याला रंधा नाही का मारायचा? सटवाजी म्हणाले, “ह्याला खरबडीतच ऱ्हाऊ द्या. ह्याचं कामच झिजायचं हाय.”

मी हबकलोच. झिजायचं काम? जन्माला घालतानाच कुणी असं सांगतं का?

गाडीच्या मागे, दोन्ही चाकांना धरून एक आडवं लाकूड टांगलं. त्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला माझ्याच खोडातला माझा भाऊ. तिथून एक दोर पुढे गाडीवानाच्या हाताशी. दोर ओढला की आम्ही दोघे चाकांच्या लोखंडी पट्टीवर दाबले जायचो. त्या पट्टीला धाव म्हणतात. दोर सैल सोडला की आम्ही बाजूला. एवढंच यंत्र. ना तारा, ना स्प्रिंग.

पहिल्यांदा उतारावर गेलो तो दिवस सांगतो. आश्रुबांनी दोर ओढला, मी फिरत्या धावेवर जाऊन आदळलो आणि माझ्या अंगाची आग आग झाली. खर्रर्र असा आवाज निघाला. जळक्या लाकडाचा वास सुटला. मला कुणी सांगितलंच नव्हतं की घासण्यात एवढी ऊब असते! तुम्ही थंडीत तळहातावर तळहात चोळता ना, तेच, पण शेकडो पटींनी. मी ओरडत होतो आणि चाक मात्र हळू होत चाललं होतं. बैल डुलत डुलत, मान न ताणता खाली उतरले. खाली धुरपदाबाई उभी होती. तिने पुढे होऊन आधी बैलांच्या मानेवरून हात फिरवला आणि मग मागे येऊन माझ्यावर. मी अजून गरम होतो. तिने चटकन हात मागे घेतला आणि मग पुन्हा ठेवला. तेव्हापासून मला झिजण्याचं वाईट वाटेनासं झालं.

एक सल मात्र होती. माझ्या पुढ्यातच चाकाचा तुंबा होता, म्हणजे चाकाचा मधला गोल भाग, ज्यात लोखंडी आख जातो. त्याचे काय लाड! कुठे निघायचं म्हटलं की आधी त्याला वंगण. एरंडेलात जळक्या चिंध्यांची राख कालवलेलं ते काळं लोणी आश्रुबा बोटाने त्याला चोपडायचे. एका फेरीला वंगण विसरलं, तर तुंबा इतका किंचाळला की शिवारातली माणसं वळून बघू लागली. आणि मी? रोज जळतोय, पण तेलाचा एक थेंब कधी मला नाही. हा काय न्याय, असं मला वाटायचं.

ह्याचं उत्तर मला माधवराव मास्तरांकडून मिळालं. गावात नवी मराठी शाळा निघाली होती आणि मास्तर पोरांना घेऊन कधी आमच्या गाडीजवळ, कधी विहिरीवर, कधी कासाराच्या ओट्यावर जायचे. त्यांनी सांगितलं, दोन वस्तू एकमेकींवर सरकू लागल्या की एकमेकींना अडवतात; त्या अडवण्याला घर्षण म्हणायचं. मग त्यांनी पोरांना विचारलं, घर्षण चांगलं की वाईट? तुंब्यातला आवाज ऐकलेली पोरं म्हणाली, वाईट. मास्तरांनी त्यातल्या एकाला पायाला तेल लावून धुतलेल्या फरशीवर चालायला सांगितलं. पोरगं दुसऱ्याच पावलाला बसलं आणि बाकीची पोटं धरून हसली. मास्तर म्हणाले, घर्षण नसतं तर चालता आलं नसतं, दोराला मारलेली गाठ राहिली नसती, पाटीवर पेन्सिल उमटली नसती, जात्यात दाणा भरडला नसता. कासार हाताला साबण लावून बांगडी चढवतो, कारण तिथे त्याला घर्षण नको असतं. पण विहिरीचा दोर ओढताना तोच हात कोरडा पुसून घ्यावा लागतो. कुठे नको आणि कुठे हवं, हे ओळखणं हेच शहाणपण. तुंब्यात नको आणि ठोकळ्याला हवं. असं म्हणून त्यांनी माझ्यावर छडी टेकवली.

मित्रांनो, मी सुन्न झालो. मी ज्याला माझं दुखणं समजत होतो, ते घर्षण म्हणजे मीच होतो. मला तेल न देणं हा माझा अपमान नव्हता. तो माझा मान होता.

पण हे धडे पोरांपुढे झाले. बायाबापड्यांपुढे झाले नाहीत. शाळा पोरांची होती आणि पूजा बायकांची.

आमच्या घरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, अवजारांची पूजा व्हायची. नांगर, वखर, तिफण, कुऱ्हाड, विळे, सगळं धुऊन अंगणात मांडायचं. गाडीही धुवायची. धुरपदाबाई एका वाटीत करडईचं तेल आणि दुसऱ्या वाटीत पाण्यात कालवलेलं हळदीकुंकू घेऊन एकेकापुढे बसायची. विळ्याच्या पात्याला तेल, म्हणजे गंजायचं नाही. तुंब्याला तेल. आणि माझ्यापुढे आली की तिचा हात आपोआप दुसऱ्या वाटीकडे वळायचा. ओलं बोट, कुंकवाचा टिळा, एक झेंडूचं फूल. तेल नाही. तिला कुणी विचारलं असतं, का ग बाई, ह्याला का नाही, तर तिला सांगता आलं नसतं. ज्यात पकड हवी त्या विहिरीच्या दोराला तिच्या सासूने कधी तेल लावलं नव्हतं; त्याच सवयीने तिचा हात माझ्यापुढे वळायचा. ते ज्ञान तिच्या हातात होतं, तोंडात नव्हतं.

ज्या वर्षी आपला मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्याला जोडला गेला, त्याच वर्षीची गोष्ट. त्या उन्हाळ्यात घरचा मुलगा चंद्रभान ह्याचं लग्न झालं होतं. सून कडूबाई. कोवळी, चटपटीत, आणि सासूला बिचकून असलेली. सासू कौतुक करत नाही म्हणून सून दुप्पट काम करायची आणि दुप्पट काम करते म्हणून सासूला बोलायला जागा उरत नव्हती. नांदणं चांगलं चाललं होतं.

नवमीच्या दिवशी नेमका धुरपदाबाईला हिवताप भरला. ती घोंगडी पांघरून ओट्यावर बसली, दात वाजत होते, आणि पूजा पहिल्यांदाच सुनेच्या हाती आली. कडूबाईने सगळं लखलखीत धुतलं. मग तेलाची वाटी हातात घेऊन तिने विचारलं, “कशाकशाला लावू आत्याबाई?”

“समद्याला लाव,” धुरपदाबाई म्हणाली. “काई सोडू नको. आन् त्या मागच्या ठोकळ्यानं आपलं घर राखलंय. त्याला जरा जास्तच लाव.”

मी ऐकलं आणि माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. ज्या बाईने माझ्यासाठी सगळ्या गावाशी भांडण घेतलं, तीच हे सांगत होती. आणि प्रेमाने सांगत होती! मला ओरडायचं होतं, पण मला आवाज फुटतो तो चाक फिरल्यावर, उभ्या गाडीत नाही. कडूबाई माझ्यापुढे बसली. तिने ओंजळभर तेल माझ्या तोंडाला चोळलं. माझ्या भावाला चोळलं. मग चाकाची धावही कोरडी कशाला ठेवायची म्हणून तिच्यावरूनही तेलाचा बोळा फिरवला. किती मन लावून करत होती ती! मी बाभळीचा, रंधा न मारलेला, भेगाभेगांचा. सगळं तेल पिऊन गेलो. धुरपदाबाईने ओट्यावरून मान हलवली. सुनेच्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक होतं. कडूबाई लाजून आत गेली.

दसऱ्याचा दिवस गाडी उभीच होती. तेल आतपर्यंत मुरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबांनी पहिल्या वेचणीचा कापूस गाडीत भरला. कडूबाईचं माहेर मानवतच्या वाटेवरच होतं. चार दिवस आईकडे राहून येईल म्हणून तीही कापसाच्या गाठोड्यांत बसली. घरापासून नदीपर्यंत सपाट रस्ता, तिथे माझी गरज लागत नाही. मी धुळीने माखत गेलो. तेलावर धूळ बसली की वरून कोरडंच दिसतं, हे लक्षात ठेवा.

उताराच्या तोंडाशी आश्रुबांनी रोजच्यासारखा दोर ओढला. मी धावेवर दाबला गेलो. आणि काहीच झालं नाही.

खर्रर्र नाही. वास नाही. ऊब नाही. मी जोर लावून टेकलो होतो, पण मी धावेला शिवतच नव्हतो. आमच्या दोघांच्या मध्ये तेलाचा पापुद्रा होता आणि चाक माझ्याखालून असं निघून जात होतं, जशी तेल लावलेल्या तळपायावरून काशाची वाटी. एवढी वर्षं मी ज्या चाकाला धरलं, ते मला ओळखतच नव्हतं! आश्रुबांनी दोर आणखी ओढला, पाय लावून ओढला. दाब वाढला की पकड वाढते, हा माझा रोजचा अनुभव. त्या दिवशी मी नुसता चेपला गेलो.

गाडी बैलांच्या मानेवर चढली. बैल आधी पाय रोवायला बघत होते, मग चालू लागले, मग पळू लागले. आश्रुबा ओरडले नाहीत. त्यांनी एका बाजूचा कासरा सगळ्या ताकदीने खेचला आणि गाडी काळ्या रानात घातली. पावसाळा नुकताच सरलेला, जमीन अजून मऊ. चाकं वीतभर रुतली. मला जे जमलं नाही ते त्या मातीने केलं. पण गाडी थांबताना एका कडेला कलंडली. उजवीकडचा तांबडा बैल खाली गेला आणि आश्रुबा दांडीवरून फेकले गेले. त्यांचा हात अंगाखाली मोडला. तांबड्याचा खांदा निखळला. कडूबाई कापसाच्या गाठोड्यांसकट मातीत पडली आणि उठून उभी राहिली. तिला खरचटलंही नव्हतं.

तिला खरचटलं नाही, हाच पुढे तिचा गुन्हा ठरला.

शेजारच्या शेतातल्या माणसांनी आश्रुबांना घरी आणलं. हाडवैद्य आला, कामट्या बांधून गेला. गाडी आणि तांबड्याला चंद्रभानने दिवस मावळायच्या आत आणलं. अंगणात बाया जमल्या. आधी सगळ्या हळहळल्या. मग एकीने विचारलं, गाडीत कोण कोण होतं? आणि मग मी असं काही ऐकलं की उतारावरचा धक्का बरा वाटावा. सून पांढऱ्या पायाची आहे, म्हणे. आल्या वर्षीच घरधन्याचा हात गेला, बैल गेला. एवढी वर्षं ठोकळा धरत होता, हीच गाडीत बसली तेव्हा कसा सुटला? आणि बघा ना, स्वतःला काही झालं नाही.

मित्रांनो, ती कापसात बसली होती! कापूस मऊ असतो, एवढंच त्यातलं कारण. ठोकळा सुटला त्याचं कारण माझ्या अंगावर माखलेलं होतं. गाडी भर अंगणात उभी होती. कुणीही दोन पावलं पुढे येऊन मला हात लावला असता तर कळलं असतं. पण पायाला नाव ठेवणं सोपं असतं. चाकाजवळ वाकावं लागतं.

मला वाटलं, धुरपदाबाई एकेकीची खरडपट्टी काढेल. पण ती पाठ फिरवून आत गेली. तिच्या डोळ्यांपुढे तोच उतार होता, वैजीनाथांचा. अंगात ताप होता, आत नवरा कण्हत होता, आणि भीतीने तिचं डोकं बधिर झालं होतं. पुढच्या दिवशी तिने चंद्रभानला सांगितलं, हिला माहेरी पोचव. परत कधी आणायचं, हे त्याने विचारलं. ते मागाहून बघू, असं उत्तर आलं. त्या ‘मागाहून’चा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. चंद्रभान खाली मान घालून बैल शोधायला गेला. मी थिजून गेलो. कडक होती, पण ही बाई असं करेल, असं मला कधीच वाटलं नव्हतं.

निघायची सकाळ झाली. शेजाऱ्याचा एक बैल मागून आणला होता, तो आमच्या उरलेल्या बैलाबरोबर जुंपला. कडूबाई बोचकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. ती रडत नव्हती. तिलाही वाटू लागलं होतं की आपल्या पायातच काही असेल. ती स्वतःच्या पायांकडे असं बघत होती, जसं कुणी दुसऱ्याचं सामान बघावं. ते मला बघवत नव्हतं. अंगणाच्या कडेला बाया उभ्या होत्या.

धुरपदाबाई कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आली. काही झालं तरी लेकीसुनेला कुंकू लावल्याशिवाय घरातून काढत नाहीत. तिने कडूबाईच्या कपाळी बोट टेकवलं. मग पुन्हा तोच उतार पार करायचा आहे, हे तिच्या मनात आलं असावं. ती गाडीच्या मागे आली, माझ्यापुढे वाकली, ओलं बोट कुंकवात बुडवलं आणि मला टिळा लावला.

टिळा लागेना. पाण्यातलं कुंकू माझ्यावरून ओघळून गेलं. तिने पुन्हा बोट घासलं. बोट सटकलं. एवढ्या वर्षांत तिचं बोट माझ्यावर कधीच सटकलं नव्हतं. बाभळीचं कुसळ टोचायचं तिला. तिने पदराने धूळ पुसली, पूर्ण पंजा माझ्यावर ठेवला आणि तो उचलून नाकाशी नेला.

करडईचं तेल.

ती तिथेच मातीत बसली. चंद्रभान धावत मागे आला, त्याला वाटलं तिला ताप चढला. मग तिने तो चकाकणारा तळहात बायांकडे वर केला, आणि तिचा आवाज अंगणभर ऐकू गेला.

“ह्या पोरीच्या पायात काई न्हाई. हे बघा काय हाय. ठोकळ्याला तेल लावलंय.”

कडूबाई गाडीतून खाली उतरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती म्हणाली, “मीच लावलं, आत्याबाई.”

“तू लावलंस ते मी सांगितलं म्हनून. समद्याला लाव म्हनले मी, जास्त लाव म्हनले. तुझा हात चुकला न्हाई, मपलं तोंड चुकलं.” मग ती मुलाकडे वळली. “चंद्रभान, बैल सोड.”

मी बाभळीचा ठोकळा. कुऱ्हाड सोसली, रोजची आग सोसली. पण सासूने सुनेपुढे, भर अंगणात, चूक माझी म्हणावं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. जिने पायाची गोष्ट पहिल्यांदा काढली होती, ती घरी चूल पेटती राहिली म्हणून निघून गेली. आतून आश्रुबांनी विचारलं, काय झालं, बैल का सोडले? चंद्रभानने सांगितलं. मग त्यांनी एवढंच म्हटलं की आधी सुनेला आत बोलवा, आणि माझ्या हातातला दोर सैल होता असं मला इतके दिवस वाटत होतं.

म्हणजे तेही स्वतःलाच दोष देत होते! एका घरात सासू, सासरा, सून, प्रत्येक जण मनातून जळत होता, आणि मला कुणी हात लावून बघितलं नव्हतं.

तेल धुऊन निघत नाही. चंद्रभानने मला उतरवलं आणि पुढचं तोंड बोटभर तासून टाकलं, आतलं कोरडं लाकूड लागेपर्यंत. धाव राखेने आणि वाळूने घासली. मी एका दिवसात जेवढा कमी झालो तेवढा वर्षभराच्या उतारांनी झालो नसतो. पण पहिल्या फेरीला पुन्हा खर्रर्र आवाज निघाला तेव्हा गाडीत बसलेल्या धुरपदाबाईने डोळे मिटून सुस्कारा सोडला. मला तर तो आवाज सनईसारखा वाटला. तांबडा बैल पुन्हा जुंपला गेला नाही. गोठ्यात लंगडत राहिला, आणि त्याला पहिला घास कडूबाई घालायची.

पुढच्या नवमीला धुरपदाबाई धडधाकट होती. तरी पूजा तिने सुनेलाच करायला लावली आणि स्वतः शेजारी बसली. कडूबाईचं मनगट तिने आपल्या हातात धरलं. तुंब्याशी आल्यावर म्हणाली, हे फिरतं, ह्याला तेल. माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, हा धरतो, ह्याला कोरडं ठेवायचं. एवढं बोलायला त्या घरातल्या बायकांना किती पिढ्या लागल्या कोण जाणे. कडूबाईने ओल्या बोटाने मला टिळा लावला आणि तो नीट लागला.

त्यानंतर मी झिजत झिजत तळहाताएवढा झालो, माझ्या जागी नवा ठोकळा बसला आणि मला दाराच्या फटीत अडकून बसण्याचं काम मिळालं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मी जमिनीला धरून असतो. हेही घर्षणच, पण ह्यात आग नाही.

मित्रांनो, तुमची सायकल असेल तर साखळीला तेल घाला, आणि तोच हात तिच्या ब्रेकच्या रबराला लावू नका. विहिरीवरचा दोर, जिन्याची पायरी, बैलाच्या पायातली नाल, ह्यांचा खरखरीतपणा जपा. घरातलं एखादं काम दुसऱ्याच्या हाती देताना नुसतं ‘सगळं कर’ असं म्हणू नका. हात धरून दाखवा आणि का ते सांगा. आणि कधी गाडी घसरली, कुणाचा संसार कलंडला, तर कुणाच्या पायाला नाव ठेवण्याआधी एकदा वाका आणि चाकाला हात लावून बघा.